चिठ्ठी ज्याला वाचायची, नंबर त्यानं ठरवायचा

बँकेत कानावर पडणाऱ्या वाक्यांत ‘लिंक नाही’ या वाक्याचा मान मोठा आहे. पासबुक हातात घेऊन अर्धा तास रांगेत उभं राहावं आणि काचेपलीकडून तेवढंच उत्तर यावं. गंमत अशी, की त्याच वेळी शेजारच्या दुसऱ्या बँकेत पासबुकं खुशाल छापली जात असतात. दोन्ही शाखांची माहिती रस्त्याखालच्या एकाच काळ्या केबलमधून जात असू शकते. मग एकीची लिंक जाते आणि दुसरीची राहते, हे कसं?

त्याहून अवघड कोडं पुढं आहे. दोन्ही शाखांतल्या संगणकांचे पत्ते हुबेहूब सारखे असू शकतात. १० या आकड्यानं सुरू होणारे आयपी पत्ते खासगी वापरासाठी मोकळे सोडलेले आहेत. ते कोणीही घ्यावेत, कोणाची परवानगी लागत नाही. त्यामुळे या बँकेत एक संगणक १०.१.१.२० आणि त्या बँकेतही एक संगणक १०.१.१.२०. एकाच तारेतून, एकाच पत्त्याची, दोन वेगळ्या मालकांची पाकिटं चालली आहेत. तरीही तुमची शिल्लक त्यांच्या पडद्यावर कधी दिसत नाही.

याचं उत्तर असं, की मधली यंत्रं पत्ता वाचतच नाहीत. ती पाकिटावर चिकटवलेला एक नंबर वाचतात. या पद्धतीचं नाव एमपीएलएस, म्हणजे मल्टिप्रोटोकॉल लेबल स्विचिंग. बीएसएनएल, रेलटेल, एअरटेल, टाटा कम्युनिकेशन्स या सगळ्यांच्या जाळ्यांत ती आहे. रिझर्व्ह बँकेच्या पुढाकारानं १९९९ मध्ये व्हीसॅटच्या उपग्रह-छत्र्यांवर सुरू झालेलं ‘इन्फिनेट’ हे बँकांचं आपसातलं जाळंही पुढं एमपीएलएसवरच आलं.

## एसटीनं निघालेली पेटी

समजा, देवगडहून हापूसची पेटी एसटीनं नागपूरला पाठवायची आहे आणि थेट गाडी नाही. पेटी कोल्हापूरला उतरणार, तिथून पुण्याला आणि पुण्याहून नागपूरला जाणार. एक पद्धत अशी, की प्रत्येक स्टँडवरच्या पार्सलवाल्यानं पेटीवरचा पूर्ण पत्ता वाचायचा, जाडजूड पुस्तकात शोधायचा आणि हिला कोणत्या गाडीत चढवायचं ते ठरवायचं. इंटरनेटचं साधं राउटिंग असंच चालतं. प्रत्येक राऊटर प्रत्येक पाकिटाचा पत्ता नव्यानं वाचतो आणि नव्यानं निर्णय घेतो. त्याचं पुस्तकही बारीक नाही. जगाच्या इंटरनेटमधल्या जुन्या धाटणीच्या आयपी पत्त्यांच्या वाटा आज नऊ लाखांच्या पुढं गेल्या आहेत.

दुसरी पद्धत अशी, की पत्ता देवगडला एकदाच वाचायचा आणि पेटीवर चिठ्ठी चिकटवायची: ४२. कोल्हापूरच्या माणसाकडं जाड पुस्तक नसतंच. त्याच्याकडं एक बारकी वही असते. तीत लिहिलंय, ‘४२ आला तर चिठ्ठी काढ, १७ लाव, पुण्याच्या गाडीत टाक.’ पुण्याच्या वहीत लिहिलंय, ‘१७ आला तर नागपूरच्या गाडीत टाक.’ पेटीत आंबे आहेत की काजू, पेटी कोणाची, नागपुरात कुठल्या गल्लीत जायची, याच्याशी मधल्यांना काही घेणंदेणं नाही.

ही चिठ्ठी म्हणजे लेबल. एक चिठ्ठी काढून दुसरी लावणं म्हणजे लेबल स्विचिंग. आणि देवगड ते नागपूर अशी जी वाट या वह्यांमधून तयार झाली, ती लेबल स्विच्ड पाथ. नेटवर्कवाले तिला एलएसपी म्हणतात, आपणही तेच म्हणू. ही वाट कुठं बोट ठेवून दाखवता येत नाही. ती तीन-चार वह्यांमधल्या तीन-चार ओळी आहे, बस्स. मधली एक ओळ खोडली गेली, की वाट संपली. मग केबल कितीही धडधाकट असो.

इथं मुंबईच्या डबेवाल्यांची उपमा द्यायची रीत आहे. तीही चांगली आहे, पण एका जागी अडते. डब्याच्या झाकणावरची खूण घरापासून ऑफिसपर्यंत एकच असते आणि ती साखळीतल्या सगळ्यांना कळते. आपल्या पेटीवरची चिठ्ठी मात्र प्रत्येक स्टँडवर बदलते. कोल्हापूरचा ४२ पुण्याला ठाऊक नाही. उद्या नाशिकच्या स्टँडवरही कोणीतरी ४२ वापरत असेल, त्यानं काही बिघडत नाही. डबेवाल्यांकडं आपण शेवटी परत येऊ.

## नंबर उलट दिशेनं येतो

आता खऱ्या राऊटरांकडं वळू. समजा, एका कंपनीचं कोकण-मुंबईत जाळं आहे. चिपळूण, महाड, पनवेल आणि मुंबई इथं एकेक राऊटर आहे. बँकेची शाखा चिपळूणच्या राऊटरला जोडलेली आहे आणि डेटा सेंटर मुंबईच्या. दुसऱ्या बाजूनं चिपळूण-कराड-पुणे-मुंबई अशीही केबल आहे, कुंभार्ली घाटातून वर जाणारी. शिवाय महाडहून वरंधा घाटानं पुण्याला आणि पुण्याहून पनवेलला जाणारा एक फाटा आहे. हा नकाशा पुढं लागणार आहे.

चिपळूणहून निघालेल्या पाकिटावर कोणता नंबर लावायचा, हे कोण ठरवतं? पहिल्यांदा ऐकणारे बहुतेक जण म्हणतात, पाठवणारा. मग चिपळूणनं आपल्या मनानं ४२ लावला आणि महाडच्या वहीत ४२ वर आधीच दुसरं काही लिहिलेलं असलं तर? म्हणून नियम उलटा आहे. चिठ्ठी ज्याला वाचायची, नंबर त्यानं ठरवायचा. लग्नाच्या हॉलबाहेर चपलांचा बिल्ला सांभाळणाराच देतो, तसंच.

त्यामुळे माहिती चिपळूणहून मुंबईकडं जाते, पण नंबर मुंबईहून चिपळूणकडं येतात. मुंबई पनवेलला सांगते, ‘माझ्याकडं यायचं असेल तर हा नंबर.’ पनवेल आपला एक नंबर काढून महाडला सांगतं, ‘मुंबईला जायचंय? मग माझ्याकडं ३०५१७ लावून पाठव.’ महाड स्वतःच्या वहीत लिहितं: २४०१८ आला तर ३०५१७ लावून पनवेलच्या दारानं काढ. मग ते चिपळूणला कळवतं: ‘मुंबईसाठी २४०१८.’ साखळी पूर्ण झाली. आता चिपळूण पहिलं पाकीट सोडू शकतं.

यात मुंबईचा एक सूक्ष्म व्यवहार आहे. मुंबईनं पनवेलला खरा नंबर दिलेलाच नाही. तिनं ३ हा आकडा कळवलाय, आणि ३ ही एक ठरलेली खूण आहे. तिचा अर्थ, ‘माझ्याकडं देण्याआधी वरची चिठ्ठी काढूनच दे.’ मुंबईला त्या पाकिटाचं पुढं काय करायचं ते नाहीतरी बघायचंच आहे. आधी चिठ्ठी वाचा, मग आतलं वाचा, असं दुहेरी काम कशाला? शेवटच्या आधीच्या राऊटरनंच चिठ्ठी काढायच्या या पद्धतीमुळं लेबल ३ कुठल्याच पाकिटावर कधी दिसत नाही. ते फक्त बोलण्यात असतं.

एवढं झालं तरी ही वाट एकेरी आहे. चिपळूणहून मुंबईला गेलेल्या विचारणेचं उत्तर परत यायला मुंबई-चिपळूण अशी वेगळी एलएसपी लागते. ती वेगळ्या नंबरांची असते आणि कधी वेगळ्या रस्त्यानंही येते.

चौकट: चिठ्ठीवर काय लिहिलेलं असतं
एक लेबल म्हणजे ३२ बिटांची, अर्थात चार बाइटची पट्टी. पहिले २० बिट नंबरासाठी. त्यात १०,४८,५७६ वेगवेगळे आकडे बसतात, पैकी ० ते १५ खास कामांसाठी राखीव. पुढचे ३ बिट पाकिटाची निकड सांगतात: हे फोनवरचं बोलणं आहे, आधी सोडा, ही रात्रीची बॅकअप फाइल आहे, थांबली तरी चालेल. नंतरचा १ बिट सांगतो, की ही सगळ्यात खालची चिठ्ठी आहे की हिच्याखाली अजून आहे. शेवटच्या ८ बिटांत उरलेल्या थांब्यांची मोजणी असते. प्रत्येक राऊटर ती एकानं कमी करतो आणि शून्य झालं की पाकीट फेकून देतो. वह्यांत घोळ होऊन पाकीट गोलगोल फिरायला लागलं, तर ते कायमचं फिरत राहू नये म्हणून ही सोय.

## चिठ्ठीखाली चिठ्ठी

तो ‘खालची चिठ्ठी’ सांगणारा एक बिट फार मोलाचा आहे. दोन बँकांचं कोडं त्यानंच सुटतं.

मुंबईचा राऊटर चिपळूणच्या राऊटरला थेट, मधल्यांना न विचारता, एक निरोप देऊन ठेवतो: ‘पहिल्या बँकेचं पाकीट असेल तर आत ५१२ लाव, दुसऱ्या बँकेचं असेल तर ५१३.’ चिपळूण आधी ही आतली चिठ्ठी लावतं आणि तिच्यावर प्रवासाची, म्हणजे २४०१८ ची. महाड आणि पनवेल फक्त वरची बघतात. मुंबईत पोचेपर्यंत वरची निघालेली असते, ५१२ उघडा पडतो, आणि मुंबई पाकीट पहिल्या बँकेच्या दाराशी नेऊन सोडते. १०.१.१.२० हा पत्ता त्या दाराच्या आत गेल्यावरच वाचला जातो. दोन्ही बँकांचा पत्ता सारखा असल्यानं मग काही अडत नाही. दोन वेगळ्या सोसायट्यांत फ्लॅट नंबर दोन असतोच की.

याला खासगी जाळं म्हणतात आणि बँका त्यासाठी दरमहा चांगले पैसे मोजतात. पण ‘खासगी’ या शब्दानं गैरसमज होतो. लेबल म्हणजे कुलूप नाही. आतली माहिती वेगळी राहते, पण गुप्त होत नाही. मधल्या केबलला कान लावणाऱ्याला ती वाचता येते. शहाण्या बँका म्हणून वेगळं कूटलेखनही करतात. विक्रीला आलेला माणूस हे आपणहून सांगेलच असं नाही.

## राऊटरवर नेमकं काय लिहितात

आता हात घालू प्रत्यक्ष कामाला, ज्याला नेटवर्कवाले ‘कॉन्फिग मारणं’ म्हणतात. हे काम बहुधा रात्री बारानंतर चालतं, कारण दिवसा चूक परवडत नाही.

आधी प्रत्येक राऊटरला एक कायमचा पत्ता द्यायचा. तो कुठल्याच दाराचा, म्हणजे केबल जोडायच्या जागेचा, नसतो, त्या यंत्राचा असतो. दाराचा पत्ता दिला आणि तेच दार बंद पडलं, तर राऊटर जिवंत असून मेल्यासारखा दिसेल. या आतल्या पत्त्याला लूपबॅक म्हणतात. एलएसपीचं शेवटचं ठिकाण म्हणून जे लिहितात, ते नेहमी समोरच्याचं लूपबॅक.

मग जाळ्याचा नकाशा. ओएसपीएफ किंवा आयएस-आयएस यांपैकी एक पद्धत चालू केली, की राऊटर आपापसात बोलून कोण कोणाला जोडलंय, कुठला रस्ता किती ‘महाग’ आहे, हे स्वतःच शिकतात. लेबलांचा इथपर्यंत काही संबंध नाही. पण नकाशा चुकला तर पुढचं सगळं चुकतं.

त्यानंतर एकेका दारावर जाऊन एमपीएलएस चालू करायचं. इथं दोन चुका होतात. पहिली, एखादं दार राहून जातं. दुसरी जास्त वाईट: ग्राहकाकडं उघडणाऱ्या दारावरही ते चालू केलं जातं. मग ग्राहकाच्या बाजूनं कोणी मुद्दाम चिठ्ठी लावलेलं पाकीट आत ढकललं, तर ते दुसऱ्याच ग्राहकाच्या घरात शिरू शकतं. चिठ्ठ्या लावण्याचा अधिकार कंपनीच्या राऊटरांपुरताच ठेवायचा.

शेवटी नंबरांची देवाणघेवाण. त्यासाठी साधा मार्ग म्हणजे एलडीपी. ते चालू केलं, की राऊटर दर काही सेकंदांनी शेजारच्याला हाक मारतो, ओळख पटली की संवाद सुरू होतो, आणि वर सांगितलेली ‘माझ्यासाठी हा नंबर’ची साखळी आपोआप बनते. माणसाला एकही नंबर टाइप करावा लागत नाही. वाट कोणती? नकाशानं ठरवलेली सगळ्यात स्वस्त.

वाट आपल्या मनानं ठरवायची असेल तर दुसरी पद्धत आहे, आरएसव्हीपी-टीई. तिच्याकडं येतोच. त्याआधी एका रात्रीची गोष्ट. राऊटर आपले कल्पनेतलेच आहेत, पण असा प्रकार या धंद्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी भोगलेला असतो.

## पिंग लागतंय, बँक बंद

महाडच्या राऊटरमधलं एक कार्ड बदललं. पनवेलची केबल जुन्या दारातून काढून नव्या दारात घातली. पत्ता दिला, नकाशाची पद्धत चालू केली, शेजारी दिसला. कामावरच्या पोरानं चिपळूणच्या राऊटरवरून मुंबईच्या लूपबॅकला पिंग मारलं, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक दिली. ‘आहे’ असं उत्तर आलं. पाच वेळा मारलं, पाचही वेळा आलं. काम संपलं, सगळे झोपले.

सकाळी दहाला शाखेतून फोन: लिंक नाही.

झालं होतं एवढंच, की नव्या दारावर एमपीएलएस चालू करायचं राहिलं होतं. नकाशाच्या दृष्टीनं महाड-पनवेल रस्ता उत्तम होता, सगळी वाहतूक तिकडंच वळली होती. पण त्या दारातून लेबलांचा संवाद होत नव्हता, त्यामुळे पनवेलचा नंबर महाडच्या वहीत नव्हता. पिंगच्या पाकिटावर एकच चिठ्ठी होती. महाडनं ती काढली, आत साधा पत्ता दिसला, मुंबईच्या राऊटरचा. तो महाडला ठाऊक होता, म्हणून त्यानं पाकीट साध्या रस्त्यानं पुढं ढकललं. ते पोचलं.

बँकेच्या पाकिटावर मात्र दोन चिठ्ठ्या होत्या. वरची काढल्यावर खाली ५१२. हा नंबर मुंबईनं चिपळूणला दिलेला, महाडनं कधी ऐकलेला नाही. पुढं लावायला चिठ्ठी नाही, आतलं वाचायची मुभा नाही. महाडनं पाकीट टाकून दिलं. एक नाही, सगळी.

म्हणजे पिंगचं उत्तर खोटं नव्हतं, पण त्यानं विचारलं होतं भलतंच. केबल आहे का, एवढाच तो प्रश्न होता. वाट आहे का, हा नव्हता. यावर २००६ साली किरिटी कोंपेला आणि जॉर्ज स्वॅलो यांनी मांडलेला उपाय मला या सगळ्या विषयातला सर्वांत चतुर वाटतो. त्याचं नाव एलएसपी पिंग. यात पाकिटावर नेहमीसारखी चिठ्ठी लावतात, पण आतला पत्ता मुद्दाम १२७ नं सुरू होणारा घालतात. १२७ चे पत्ते म्हणजे ‘मी स्वतः’. असं पाकीट कोणताही राऊटर साध्या रस्त्यानं पुढं पाठवत नाही. वाट शाबूत असेल, तर चिठ्ठ्यांच्या जोरावर ते मुंबईपर्यंत जातं. मध्ये कुठं ओळ खोडलेली असेल, तर तिथंच चिठ्ठी निघते, आत १२७ दिसतो, आणि तो राऊटर पाकीट स्वतःकडं ठेवून कळवतो, ‘वाट इथं संपली.’ चोरवाटेनं पोचायची सोयच काढून घेतली, आणि पिंग खरं बोलायला लागलं.

अशीच दुसरी एक फसवी तक्रार असते. पासबुक छापलं जातं, पण ग्राहकाच्या सहीचं चित्र उघडत नाही. इथरनेटवर एका पाकिटात साधारणपणे १५०० बाइट मावतात. दोन चिठ्ठ्या लावल्या, की ८ बाइट वाढले: १५०८. मधल्या एखाद्या दाराची उंची १५०० चीच ठेवली असेल, तर छोटी पाकिटं सुखानं जातात आणि भरलेली अडकतात. शिल्लक म्हणजे छोटं पाकीट, सहीचं चित्र म्हणजे भरलेल्या पाकिटांची रांग. अशा वेळी नुसतं पिंग मारून उपयोग नाही, फुगवलेलं पिंग मारावं लागतं.

## घाटातली गर्दी

सगळ्यात स्वस्त वाट सगळ्यांनीच धरली की काय होतं, हे शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात अडकलेल्याला सांगायला नको. एक्सप्रेसवेवर गाडीला गाडी चिकटलेली, आणि त्याच वेळी माळशेजच्या रस्त्यावर शांतता. जाळ्यातही तसंच होतं. नकाशाच्या मते महाड-पनवेल जवळचं, म्हणून सगळं तिकडं. कराड-पुण्याची केबल रिकामी.

आरएसव्हीपी-टीई वापरून वाट आखून देता येते. चिपळूणच्या राऊटरवर लिहायचं: एलएसपीचं नाव अमुक, शेवट मुंबईचं लूपबॅक, इतके मेगाबिट राखून ठेव, आणि कराडवरून जा. ‘कराडवरून जा’ हे दोन प्रकारे सांगता येतं. एक, कराड हाच लगेचचा थांबा असला पाहिजे. दुसरा प्रकार सैल: कसंही जा, पण कराड वाटेत आलं पाहिजे.

हे सगळं फक्त चिपळूणच्या राऊटरवर लिहायचं. कराड आणि पुण्याला या वाटेचं नावही टाइप करावं लागत नाही. तिथं आरएसव्हीपी चालू असलं की पुरे. चिपळूणहून एक निरोप पुढं जातो: ‘अशी वाट हवी आहे, इतकी जागा आहे का?’ कराड बघतं, पुणे बघतं, मुंबई बघते. मग मुंबईहून उत्तर उलटं निघतं, आणि त्या उत्तरासोबतच प्रत्येक राऊटर आपला नंबर मागच्याला देत येतो. नियम तोच: वाचणाऱ्याचा नंबर. एवढं झालं तरी वाट कायमची होत नाही. साधारण दर ३० सेकंदांनी ‘मी अजून आहे’ असं सांगत राहावं लागतं. सांगायचं थांबलं की काही वेळानं राखलेली जागा सुटते.

राखलेली जागा म्हणजे तरी काय? कागदावरचा हिशेब. शंभर मेगाबिट राखले म्हणून केबलमध्ये शंभर मेगाबिटचा वेगळा पाइप पडत नाही. नव्या एलएसपीला जागा देताना हा आकडा वजा करतात, एवढंच. कोणी राखल्यापेक्षा जास्त पाठवलं, तर त्याला अडवायची वेगळी व्यवस्था लागते.

आता सुरुवातीचं कोडं सोडवू. शेजारच्या बँकेनं कराडवरून जाणारी अशी खास वाट मागून घेतली होती. महाडच्या दाराशी तिचा संबंधच नव्हता. शाखेतून बाहेर पडणारी काळी केबल दोघींची एकच, पण पुढच्या वह्या वेगळ्या.

## जेसीबी आला

कोकणात केबल तुटायला कारण लागत नाही. पावसाळ्यात घाटात दरड येते. एरवी मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण आहेच, जेसीबीचा एक दात खाली गेला की फायबर वर आलंच. केबल तुटल्यावर नकाशा नव्यानं काढायचा, नवी वाट मागायची, नंबर उलट्या दिशेनं यायची वाट बघायची, यात काही सेकंद जातात. तेवढ्यात फोनवरचं बोलणं तुटतं.

म्हणून सावध कंपन्या पर्यायी वाट आधीच आखून ठेवतात. महाड-पनवेल केबलसाठी महाड-पुणे-पनवेल असा बगलरस्ता, वरंधा घाटातून. केबल तुटल्याचं महाडला कळताच ते चिपळूणला विचारत बसत नाही. पाकिटावर नेहमीसारखा पनवेलचा ३०५१७ लावतं आणि वर बगलरस्त्याची आणखी एक चिठ्ठी चढवतं. पुणे ती वरची काढून पाकीट पनवेलला देतं. पनवेलला काय दिसतं? त्यानंच दिलेला ३०५१७. पाकीट महाडच्या दारातून न येता पुण्याच्या दारातून आलं, याचं त्याला सोयरसुतक नाही. नंबर आपला आहे ना, मग पुढं मुंबईला. या युक्तीचं उद्दिष्ट ५० मिलिसेकंदांचं असतं, पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. फक्त ती तिसरी चिठ्ठी दाराच्या उंचीच्या हिशेबात धरायला विसरू नये. आता १५१२ झाले.

## वेगासाठी काढलं, दुसऱ्याच कामाला आलं

या पद्धतीचा जन्म एका भीतीतून झाला. १९९० च्या दशकात वाटायचं, की जाड पुस्तकात पत्ता शोधणं वाढत्या इंटरनेटला झेपणार नाही. त्यापेक्षा छोटा नंबर पटकन सापडतो. १९९६ च्या सुमाराला इप्सिलॉन, सिस्को, आयबीएम, तोशिबा यांनी आपापल्या परीनं अशा युक्त्या काढल्या. १९९७ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ संघटनेनं त्यांना एकत्र बसवलं, आणि जानेवारी २००१ मध्ये एमपीएलएसचा मूळ आराखडा प्रसिद्ध झाला. तोवर चिपांनी जाड पुस्तक वाचायचा वेग गाठला होता आणि मूळ कारण निकालात निघालं होतं. तरी पद्धत टिकली. कारण वाट आखून देणं, एका तारेत अनेक ग्राहक वेगळे ठेवणं, तुटल्यावर क्षणात वळवणं ही कामं तिच्यावाचून फार जड जात होती. ‘एमपीएलएस वेगवान असतं’ असं अजूनही विक्रीच्या पत्रकांत छापतात. ते वीस वर्षं शिळं आहे.

आता डबेवाल्यांकडं. २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या सेगमेंट राउटिंग या नव्या पद्धतीत एलडीपी आणि आरएसव्हीपी दोन्ही लागत नाहीत. नंबर नकाशाबरोबरच वाटले जातात. चिठ्ठी तीच, ३२ बिटांची. पण नंबरांचा एक पट्टा, बऱ्याच ठिकाणी १६००० ते २३९९९, सगळ्या राऊटरांवर सारखा राखून ठेवतात आणि प्रत्येक राऊटरला त्यातला एक कायमचा आकडा देतात. मग झाकणावरच्या खुणेसारखा तो साखळीतल्या सगळ्यांना कळतो. मुंबईला १६००४ दिला, तर चिपळूणच्या वहीत मुंबई १६००४, महाडच्या वहीत १६००४ आणि पनवेलच्या वहीतही १६००४.